शिडाखालची वामकुक्षी

माझं लग्न पहिल्या पसंतीच्या मुलीशी झालं नाही, याला नागपूरचा उन्हाळा जबाबदार आहे.

सत्तर सालच्या सुमारासची गोष्ट. मुलगी कोकणातली. फोटो पाहूनच मी गारद! (तो उशीखाली ठेवून झोपायचो. आई समजायची, पोरगा देवाचा फोटो ठेवतो.) अडचण एकच. आम्ही कोकणात उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पुण्याचं स्थळ तिला पाहायला येणार होतं. त्यांच्या आधी, म्हणजे त्याच दिवशी, आम्हाला पोचायला हवं होतं.

आई, बाबा आणि मी हर्णैला उतरलो. पुढे मुलीच्या गावाला एसटीनं मोठा वळसा होता.

"समुद्र समोर असून वळसा काहून घ्याचा?" बाबा म्हणाले. नागपूरच्या अंबाझरी तलावात एकदा होडीत बसल्यापासून ते दर्यावर्दी झाले होते.

शिडाची होडी ठरली. तांडेल, म्हणजे होडीवाला, म्हणाला, "वारा असला तर दुपारपर्यंत पोचवतो."

"नसाले काय झालं गा? आमच्या नागपुरात दिवसभर वाहते!"

तासाभरात वारा पडला. होडी जागची हलेना, शीड नुसतं लोंबकळत राहिलं. "आता काय काम नाय. वारा आला की उठवा," असं सांगून तांडेल तोंडावर टोपी घेऊन आडवा झाला.

आणि ऊन तर असं, की विचारू नका!

"डोकं फुटून राहिलं माह्यं," आई कण्हली.

बाबांनी शिडाकडे पाहिलं. "एवढं मोठं कापड, अन् उभं टांगून ठेवलं! सावली तरी पडते का?"

मे महिन्यात नागपूरच्या माणसाला रिकामं कापड दिसलं, की तो मांडव घालणारच. दोरी मीच सोडली. (डिप्लोमा इंजिनिअर ना मी!) शीड आडवं ताणलं, घरी दाराला लावलेल्या खसच्या ताटीवर मारतो तसं त्यावर बादलीनं पाणी मारलं. खाली बसून पुऱ्या आणि लोणचं हाणलं.

आणि काय झुळूक आली म्हणता!

"अगं बाई, कसं गार वाटून राहिलं!" आई म्हणाली.

"हौ न. मस्त वारा सुटला," म्हणत बाबा कुशीवर वळले.

"बाबा, तांडेलले उठवाचं होतं न?"

"झोपू दे बिचाऱ्याले. मेहनतीचा माणूस हाये."

मलाही पटलं. इतकी गाढ झोप मला जन्मात लागली नव्हती.

जाग आली ती तांडेलाच्या बोंबेनं. सूर्य बुडत होता, वारा पुन्हा पडला होता.

"माझं शीड! दिवसभर वारा आलाच नाय व्हय?"

"आला न," बाबा म्हणाले. "लय झकास आला होता!"

रात्र पाण्यावरच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तर अंगणात ही गर्दी! पुणेकरांना मुलगी पसंत पडून तिथल्या तिथं सुपारी फुटली होती. पाहुणे आले म्हणून यजमानांनी आम्हाला आग्रहानं बसवलं. आणि पेढ्यांचं ताट घेऊन खुद्द तीच समोर आली. फोटोपेक्षा कितीतरी देखणी!

"घ्या ना, दादा," ती म्हणाली.

दादा! मी दोन घेतले.