माईकवाल्याची शिंक

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत टीव्हीवाले आठवडाभर वहिनींचा खेळ घेत होते. त्यांच्यातला माईकवाला मला फार आवडला. पदराला लावायचा बारका माईक आमच्या हातात देऊन तो भिंतीकडं तोंड करायचा. "लावा ताई, आरामात. जल्दी न्हाई." काहीही विचारा, "बिलकुल बराबर!"

त्याला सर्दी मात्र भलती. शेजारीण नवऱ्याच्या दारूवर बोलायला लागली आणि हा शिंकला. खेळ घेणारे साहेब ओरडले, "आवाज गेला! परत घ्या!" तोवर ती सावध झाली.

मग माझी पाळी आली. मी लाजरी, पण बाया हसायला लागल्या आणि मला चेवच चढला. साहेब म्हणाले, "सासूचं गुपित सांगा, साडी तुमची!" सासूबाई समोरच बसलेल्या. मी म्हणाले, "आमच्या सासूबाई शुगर असून कपाटामागं लपून..."

"हाऽऽक्छी!" मंडप हलला. माझी जीभ जागेवर आली. साडी गेली.

माईक परत देताना मी म्हणाले, "दादा, सर्दीचं औषध घ्या."

तो हळूच म्हणाला, "सर्दी न्हाई ताई. आम्ही उद्या अंबडला जाऊ. तुम्हाला तर याच घरात राह्यचंय."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "कपाटामागं काय गं?"

मी जोरात शिंकले.