काठोकाठ प्याला

उलबोसिन या नावाचा अर्थ ‘मुलगा होवो’. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने वैतागून हे नाव ठेवलं. तो वैताग पोरीच्या हाडात मुरला. सिर नदीकाठच्या त्या गावात उलबोसिनइतकी फटकळ बाई दुसरी नव्हती, आणि तरी कुणाच्या मरणाची बातमी घरच्यांना सांगायची असली की लोक तिच्याच दारी येत.

कारण ही बातमी सरळ तोंडाने सांगायची नसते. सांगणाऱ्याने दोंब्रा घेऊन समोर बसायचं, तारा छेडायच्या आणि गायचं : नदी रुसली, ससाणा हातावरून उडाला, घोडा रिकामाच परतला. ऐकणाऱ्याने ओळखायचं. ‘तो गेला’ हे शब्द ज्याचं माणूस गेलं त्याच्याच तोंडून बाहेर पडायला हवेत. सांगणाऱ्याने ते आधी उच्चारले, तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

पण हल्ली ओळखतो कोण? सगळ्यांना फोनवरच्या चार शब्दांची सवय. गेल्या हिवाळ्यात एका घरी तिने गायलं, “तुमच्या तळ्यावरचा हंस उडाला हो,” तर मयताचा धाकटा भाऊ भिंतीवरची बंदूक काढून बाहेर पळाला.

“अरे गाढवा!” उलबोसिन उंबऱ्यातून ओरडली, “तळं गोठलंय! हंस कुठला आणतोस?”

त्या दिवसापासून तिने दोंब्रा खुंटीला अडकवला होता. तो उतरवायला लावला गावातल्या म्हाताऱ्या केंजेगालीने. सेइतकाली आगाय म्हणजे गावच्या शाळेचे जुने मास्तर. त्यांचा एकुलता एक मुलगा येरसाइन तेलाचा टँकर चालवायचा. माळावरच्या रस्त्यात गाडी उलटून जागीच गेला. दुपारपर्यंत त्याला घेऊन गाडी गावात पोचणार होती. त्याआधी बापाला कळायला हवं. दारात एकदम मुलाचं प्रेत उतरवून ठेवायचं, तर म्हातारा तिथेच संपायचा.

“आगायांना ओळखायला वेळ नाही लागणार बघ,” केंजेगाली म्हणाला. “अख्ख्या गावाला कविता त्यांनीच शिकवली.”

“मला नका सांगू त्यांची शिकवणी!” उलबोसिन म्हणाली. “पाचपैकी दोनच्या वर गुण दिले नाहीत कधी.”

ते खरंच होतं. ‘अलंकार ओळखा’ म्हटलं की ती पटकन ओळखायची, नाव लिहायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. आगाय वही तिच्यापुढे आपटायचे. “नाव लिहिलंस. अर्थ कोण लिहिणार, तुझी आजी? बोललंय कुणाबद्दल, ते सांग आधी. दोन!”

बरोबर आलेली माणसं अंगणातच थांबली. आगायांनी या दोघांना आत घेतलं, जाजमावर बसवलं, उंटिणीचं दूध घालून चहा केला. दोंब्रा बघूनही काही विचारलं नाही. उलबोसिनने तारा छेडल्या.

“वारा तुमच्या दाराशी आला, आणि आत यायला लाजला...”

“चेतनगुणोक्ती,” आगाय म्हणाले. “वाऱ्याला माणसाची लाज दिलीस. छान. बाऊरसाक घ्या, ताजे तळलेत.”

केंजेगाली खोकला. उलबोसिन पुढे गायली, “रस्ता सापासारखा पसरला, आणि उलटून डसला...”

“उपमा. जुनी आहे, पण चालेल.”

“अंगणात एकच साक्सौल होता, तो मुळासकट गेला...”

“अन्योक्ती. पण साक्सौलचं झाड माळावरच्या वाळूत वाढतं, अंगणात नाही. इथे चुकलीस, पोरी.”

उलबोसिनच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. बंदूक घेऊन पळालेला परवडला! त्याला कळलं तरी नव्हतं. हा माणूस एकेक ओळ पकडतोय, नाव देतोय आणि बाजूला ठेवतोय, परीक्षेचे पेपर ठेवावेत तशी. मग आगायांनी तिच्यासमोर चहा सरकवला, आणि ती बघतच राहिली. प्याला काठोकाठ भरला होता. पाहुणा हवा असला की अर्धा प्याला भरायचा, पुन्हा पुन्हा भरायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. आगायांनी हयातीत कुणाला असा चहा दिला नव्हता.

म्हणजे याला सगळं कळलंय. पहिल्या ओळीलाच कळलंय.

तिने तारांवर तळवा आपटला. “आगाय, तुम्हाला दोन!”

“अगं बाई, तोंड आवर,” केंजेगाली कुजबुजला.

“का आवरू? सगळी नावं बरोबर लिहिलीत. अर्थ कोण लिहिणार, माझी आजी?”

 आगाय हळूच म्हणाले, “आणि नाही लिहिला तर?”

“तर मी पुन्हा पहिल्या ओळीपासून गाते. घसा फुटला तरी गाते. पण तुमचं वाक्य मी बोलणार नाही, आगाय. ते माझं नाही.”

आगायांनी चष्मा काढला, गुडघ्यावर ठेवला.

“साक्सौल म्हणजे... साक्सौल म्हणजे माझा येरसाइन. येरसाइन गेला.”

केंजेगालीने झेप घेऊन त्यांना मिठीत आवळलं आणि “ओय बाउरम! माझ्या भावा!” म्हणून हंबरडा फोडला. बाहेर अंगणात थांबलेली माणसं तोच हंबरडा घेत आत शिरली. आगाय एकेकाच्या गळ्यात पडून रडले. रडता रडता त्यांनी माणसांच्या खांद्यावरून उलबोसिनला शोधलं.

“साक्सौल चुकला नव्हता,” ते म्हणाले. “एकटाच वाढला माझ्या अंगणात.”

“माहितीये मला,” ती खेकसली, आणि बाहीने नाक पुसलं.

मग तिने तो काठोकाठ प्याला उचलला, अंगणात नेऊन वाळूत रिता केला, आणि परत येऊन चहाच्या भांड्याशी मांडी घालून बसली. आगायांसमोर पहिला प्याला ठेवला. अर्धा.