आमच्याच जाळ्यात अडकलेला दिवा

आमचे लोक मूळचे समुद्रावरचे मासेमार. बावा दहिवलीला येऊन नदीत जाळी टाकू लागला, तरी भादव्यातल्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, अम्मा ख्वाजा खिजरांच्या नावाचा दिवा पाण्यात सोडायचीच. पाण्यावरच्या माणसाची वाट ते सांभाळतात, असं आमच्यात मानतात. त्या साली माझा मोठा भाई गलबतावर खलाशी होता. पावसाळा बसला की तो घरी यायचा, तो आलाच नव्हता.

अम्माने केळीच्या सोपटावर कणकेचा दिवा आणि मलिद्याचा लाडू ठेवला. बावाने फातिहा पढली, मग म्हणाला, "मागायचं ते अल्लाकडं माग गं. नदीला काय कळतंय?"

"अल्लाकडंच मागते. तुमीच पोराला गलबतावर चढवलात, आता मला शिकवू नका."

तिने दिवा पाण्यात सोडला.

हा दिवा जातो तरी कुठं, असं मला दर साली वाटायचं. विचारायची छाती नव्हती, म्हणून या खेपेला मी काठाकाठाने त्याच्यामागे निघाले. वळणापाशी दिवा थांबला आणि जागच्या जागी फिरू लागला. पाहते तर तो आमच्याच जाळ्याच्या तरंगत्या भेंडांत अडकलेला! त्या दिवशी आमच्यात जाळं पाण्यात ठेवत नाहीत. बावा सकाळी लावलेलं काढायला विसरला होता.

मी पळत जाऊन त्याच्या कानात सांगितलं. पण अम्माने ते ओळखलं. "दिवा अडला म्हणजे पोराची वाटच अडली," ती तोंडाला पदर लावून म्हणाली.

बावा छातीभर पाण्यात शिरला. त्याने जाळं बांधलेल्या खुंटाची दोरीच सोडली. दिवसभर अडकलेले मासे चमकत निसटले.

"जा रं बाबा," तो दिव्याला म्हणाला, "आमचा पोरगा दिसला तर घरी धाड."

दिवा वळणाआड गेला. पुढचं मला दिसलं नाही.

थंडी पडल्यावर भाई आला. तो तापाने एका बंदरात पडून राहिला होता. अम्मा त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती, आणि मी मध्येच विचारलं, "भाई, आमचा दिवा पोचला का रं?"

"अगं, त्या सांजेला तिथं बंदरातही घरोघरचे दिवे पाण्यात होते. तुमचा कसा होता?"

"एका बाजूनं भेंडानं चेपलेला," बावा लगेच म्हणाला.

भाईने जरा आठवल्यासारखं केलं. "होता बघ तसा एक."

त्यावर मलिदा उरला होता का, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण अम्मा हसत होती आणि डोळेही पुसत होती, म्हणून राहू दिलं.