रिंगकाकांची चूक

रिंगकाका चालू इंजिनाच्या धुरापुढे तळहात धरत, मग तो हात हुंगत आणि म्हणत, "तेल जळतंय. रिंगा गेल्या." घराणं भिक्षुकांचं, दशाश्वमेधावर यजमान सांभाळणारं, यांनी मात्र मंगला गौरीजवळच्या गल्लीत होड्यांची डिझेल इंजिनं उघडली. नातलग नाकं मुरडत. गंगेवरचे नावाडी, म्हणजे मल्लाह, मात्र बांबूला इंजिन टांगून, घाटाच्या पायऱ्या चढून त्यांच्याकडेच येत.

पिस्टनवर चढवायची नवी रिंग ते आधी सिलिंडरमध्ये उतरवत, पिस्टनने ढकलून सरळ करत आणि तिच्या दोन टोकांमधली फट पातळ पात्याने मोजत. कमी भरली की कानस घेऊन बसत. "अरे, जल्दी कशाची? गार इंजिनात ती फट दिसते, तापून फुगल्यावर रिंगेला तीच जागा लागते." फट जास्त झाली तर दाब निसटतो, ताकद जाते, म्हणून कानशीचा एक हात जादा पडला तरी स्वतःवरच चिडत.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, कॉलेज सुटलं की काकांच्या हाताखाली बसत असे आणि शहाणपण अगदी उतू चाललं होतं. श्रावणातल्या एका मंगळवारी काकांना देवळात जायचं होतं. त्यांनी एक रिंग नमुन्याला घासून दिली आणि "बाकीच्या अशाच कर" म्हणून गेले. मला वाटलं, फट जितकी कमी तितकी ताकद जास्त; म्हातारा उगाच दाब वाया घालवतो. बाकीच्या मी न घासताच चढवल्या. काका परतले तेव्हा पिस्टन बसलेला होता.

"मोजलंस ना?"

"हो." खोटं बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही.

काही दिवसांतच संकठा घाटासमोर भर धारेत ते इंजिन जाम झालं. माणसांनी भरलेली होडी वल्ह्यांनी कशीबशी काठाला लागली. मल्लाह गल्लीत येऊन ओरडला, "सब डूब जाते, पंडितजी! अब आपकी आँख से काम नहीं होगा." काकांनी इंजिन उघडलं. सिलिंडरला उभे ओरखडे, रिंगांची टोकं एकमेकांवर घासून चकाकलेली. त्यांनी रिंग पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि मल्लाहाला म्हणाले, "हमसे चूक हुई, भैया."

मी तिथेच उभा होतो. हातातला पाना पुसत राहिलो. वर्गात पहिला येणारा मी. लाज वाटली ती चुकीची नव्हे, चूक लोकांना कळण्याची. हळूहळू मल्लाह दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले.

नोकरी लागली तेव्हा पाया पडायला गेलो. "काका, त्या रिंगा मी..."

"ठाऊक आहे. मल्लाहाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

पुढे काका वारले. तो मल्लाह अजून होडी चालवतो म्हणतात. मी त्यानंतर दोनदा बनारसला गेलो आणि दोन्ही वेळा घाटाकडे फिरकलो नाही.