सुमन सिस्टरचा फोटो भिंतीवर का नाही

खोटं बोलली म्हणून फोटो भिंतीवरून काढला म्हणे.

आणि हे सुचलं कधी, तर फ्रेम करून, खिळा ठोकून, फोटो लावून झाल्यावर.

आज सुमन सिस्टरला जाऊन वर्ष झालं. चार ओळी चांगल्या लिहायच्या होत्या. पण डोकं फिरलंय, तर तेच लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परळच्या एका हॉस्पिटलात मी आया आहे. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली वीसेक सुमन सिस्टरच्या वॉर्डात गेली.

तिथल्या नर्सिंग स्कूलने खालच्या पॅसेजमध्ये एक भिंत केलीय. नर्सिंग कसं सुरू झालं, कसं वाढलं, सगळे जुने फोटो. जुन्या मेट्रन, टोपीवाल्या सिस्टर, काचेच्या सिरिंज उकळायचं भांडं पण ठेवलंय. सुमन सिस्टर तिथेच शिकली, तिथूनच रिटायर झाली. तिचाही फोटो होता.

त्यासाठी स्कूलच्या दोन मुली लालबागला तात्यांकडे गेल्या. तात्या म्हणजे सिस्टरचे मिस्टर. गिरणीत होते. मुली म्हणाल्या, एखादी आठवण सांगा. तात्यांनी चहा पाजून हसत हसत सांगितली.

ती अशी.

गिरणी बंद पडली तेव्हा लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. सिस्टर दहावी पास. नर्सिंगला जाते म्हणाली. पण तेव्हा तिथे नियम होता, मुलगी बिनलग्नाची पाहिजे आणि तीन वर्षं हॉस्टेललाच राहायचं. लग्न झालेलीचं लक्ष घरात असतं म्हणे.

हिने मंगळसूत्र सासूच्या डब्यात ठेवलं आणि माहेरच्या नावाने फॉर्म भरला. कुमारी.

तात्या रविवारी भेटायला जायचे. गेटवरच्या वहीत लिहायचे, भाऊ.

राखीपौर्णिमा आली. वॉर्डनबाई कडक, पण हौशी. भाऊ आलाय आणि राखी नाही म्हणजे काय, म्हणून स्वतःच एक राखी आणून दिली. दोघांना समोरासमोर बसवलं. सगळ्या पोरी बघतायत.

बांधली. काय करणार.

तात्या तसेच राखी घालून चाळीत आले. विसरले काढायला. पुढच्या सुट्टीला सिस्टर घरी गेली तर सासू दारातच उभी. म्हातारी मालवणची, नवऱ्याला घोव म्हणणारी, तोंडाने तिखट.

"हो आता तुझो घोव की भाव?"

सिस्टर चप्पल काढत म्हणाली, "तीन वर्सां भाव. मगे परत घोव."

मला हे सिस्टरनेच सांगितलं होतं, गॉझच्या घड्या घालताना. अर्ध्या वॉर्डाला माहीत होतं. बाहेर कोणी बोललं नाही. तात्या बोलले, कारण त्यांना वाटलं, मजेची गोष्ट आहे.

मुलींनी ती लिहून मॅडमना दिली. मॅडम म्हणजे स्कूलच्या आताच्या प्रिन्सिपल. फोटो खाली.

मी विचारायला गेले. मॅडम वाईट नाहीत, मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "मावशी, भावना समजतात. पण खोटी माहिती देऊन ॲडमिशन घेतली. उद्या आमच्या मुली काय शिकतील?"

काय शिकतील ते मी सांगते.

झोपून असलेल्या पेशंटची पाठ दर दोन तासांनी बघायची, हे शिकतील. सिस्टर स्वतः हात घालून बघायची. चादरीला एक सुरकुती चालायची नाही. तिच्या वॉर्डात पाठीला जखम झालेला पेशंट मी बघितला नाही.

मोठे डॉक्टर आले की नर्सने उठून उभं राहायचं, तो जमाना. त्या जमान्यात ही भर राउंडला म्हणाली, सर, हे इंजेक्शन मी देणार नाही, याची रिॲक्शन येते या पेशंटला, केसपेपर बघा. सर लाल झाले. पण बघितला केसपेपर. इंजेक्शन बदललं.

चाळीतल्या बायका नाकं मुरडायच्या, परक्या पुरुषांचं हागणंमुतणं काढते म्हणून. त्याच नंतर बीपी बघायला हिच्या दारात लाइनीत.

आता खोट्याचं.

परमनंट झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सिस्टर मंगळसूत्र घालून मेट्रनसमोर उभी राहिली. लग्न आधीच झालंय, म्हणाली. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. मेट्रनने खूप ऐकवलं. मग सर्व्हिस बुकात स्वतःच्या हाताने नाव बदललं आणि सही केली.

त्या मेट्रनबाईंचा फोटो तुमच्या भिंतीवर आहे, मॅडम. वरच्या ओळीत.

आणि तो बिनलग्नाचा नियम तुमच्या स्कूलनेच काढला ना नंतर? बरोबर होता तर ठेवायचा होता. तुम्ही स्वतः मुलगी सासूकडे ठेवून एम.एस्सी. केलीत. तुम्हाला कोणी कुमारी लिहायला लावलं नाही.

तात्यांना मी काही सांगणार नव्हते. पण ते भिंत बघायला एकटेच गेले. तिथे नुसता खिळा.

मला म्हणाले, "माझ्याच तोंडाने मी तिला खाली उतरवली."

दहा दिवस झाले. घराबाहेर पडत नाहीत. सूनबाई ताट ठेवते, अर्धं परत येतं.

सोमवारी भिंतीचं उद्घाटन आहे.

मॅडम, उत्तर मला देऊ नका. लालबागला जा, पत्ता तुमच्या मुलींकडे आहे. फोटो लावणार की नाही, ते तात्यांना समोर बसून सांगा. नाही म्हणायचं असेल तर तेही तोंडावर सांगा.

सिस्टर, तुम्हाला नमस्कार. आठवण कामाच्या वेळी जास्त येते.

मॅडम, शनिवारपर्यंत जाऊन या. दुपारी दोनला माझी शिफ्ट सुटते, त्याच्या आत.