पाच पट्ट्यांचं शीड

दक्षिणेत, तमिळनाडूच्या टोकाला, समुद्रकाठच्या एका कॅम्पवर मी नऊ वर्षं काम केलं. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट करून स्वागतकक्षात बसायला म्हणून गेले होते. पण तिथे लोक फळीवर उभे राहून, हातात शीड धरून, वाऱ्यावर पाणी कापत जायचे. ते बघून माझं कशात लक्ष लागेना. वर्ध्याजवळच्या आंजीतल्या मुलीने तोवर पाणी म्हणजे धाम नदीचं, आणि तेही बहुतेक गुडघाभर, एवढंच पाहिलेलं.

शिकवलं मला कॅम्पवरच्या एका वेंगुर्ल्याच्या माणसाने. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, अंगाने धिप्पाड, बोलायला मोजका. शिडांची निवड करणं त्याचं काम. नवीन शिडं आली की आम्ही दोघं ती पाण्यात नेऊन बघायचो. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, अदलाबदल करून. आमचं कधी जमायचं नाही.

लाटांवर वापरायची शिडं लहान आणि दणकट असतात. त्यांच्या कापडात आडव्या पट्ट्या घातलेल्या असतात. तीन, चार नाही तर पाच. सगळं भांडण त्या पट्ट्यांवरून. तीन पट्ट्यांचं शीड हलकं. लाटेवर वळताना मनगट जरा सैल सोडलं की त्यातला वारा निघून जातो आणि हातात काही नसल्यासारखं वाटतं. वारा किनाऱ्याला आडवा असेल आणि लाटा नीट रांगेने येत असतील तर त्यासारखं सुख नाही. मला तेच आवडायचं. मी काडी, मला लाटेच्या अंगाअंगाने जायचं असायचं.

त्याला लाटेला समोरून धडकून उडी मारायची असायची. पाच पट्ट्यांचं शीड जड, पण वारा धक्के देत आला तरी त्याचा आकार मोडत नाही. "तुझं शीड फुलपाखरू आहे," तो म्हणायचा. "वारा समुद्राकडून सरळ अंगावर आला की फेसात अडकून राहशील. तिथे ओढ लागते."

"आणि तुझं म्हणजे दार आहे. दार धरून कोण नाचतं?"

मग तो हसायचा आणि पाहुण्यांसाठी चार पट्ट्यांची शिडं मागवायचा. ती सगळ्यांना थोडी थोडी जमतात.

त्याचं लग्न झालेलं होतं. मी त्याला कधी काही म्हटलं नाही, त्यानेही नाही. एवढंच सांगते की वाऱ्याचे महिने संपले की मला वर्ष संपल्यासारखं वाटायचं.

आईचं ऑपरेशन वर्ध्याजवळ सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात झालं, म्हणून मी आले. पंधरा दिवसांची सुट्टी काढून आले होते. आई त्यानंतर दोन वर्षं होती. तेवढ्या काळात कॅम्प बंद पडला, तो माणूस बायकोमुलांसकट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कॅम्पवर गेला. जाताना त्याने ट्रान्सपोर्टने एक लांबलचक बोचकं वर्ध्याला पाठवलं. त्यात माझी जुनी फळी, डोलकाठी आणि तीन शिडं होती. तीन पट्ट्यांचं, चार पट्ट्यांचं, आणि त्याचं स्वतःचं पाच पट्ट्यांचं.

आई गेल्यावर मी सावंगीत खोली केली आणि दवाखान्याजवळच्या एका खाणावळीचं काम बघू लागले. विद्यार्थी येतात, जेवतात, परीक्षा झाली की निघून जातात. शिडं भिंतीला उभी असायची. घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, "हे मंडपाचं सामान हाय का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी सामान छोट्या टेम्पोत घातलं आणि जवळच्या धरणावर गेले. चौकीदाराने बराच वेळ फळीकडे पाहिलं. "बाई, लाइफ जॅकेट घालजा," तो म्हणाला. "बाकी तुमचं तुम्ही पाहा."

आधी माझं लाडकं तीन पट्ट्यांचं लावलं. काही जमेना. धरणात लाट कुठली? समुद्रात लाट ढकलते म्हणून त्या शिडाला ओढ नसली तरी चालते. इथे वारा पडला की मी जागच्या जागी डुलत होते, आणि झोत आला की शीड हातातून निसटू बघायचं. उन्हाळ्यातला आमच्याकडचा वारा समुद्रासारखा एका लयीत येत नाही. टेकडीआडून थपडा मारल्यासारखा येतो. तासाभराने काठावर आले आणि पाच पट्ट्यांचं लावलं.

ते उभं राहिलं. झोत आला, शीड हललं नाही, फळी सरळ पुढे गेली. तो बरोबर होता. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "बरं, तुझं खरं." पाण्यावर कोणी नव्हतं.

त्या नादात मी फार लांब गेले. पश्चिमेकडून आभाळ काळं झालं तेव्हा पलीकडचा काठ जवळ होता आणि परतायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा पडले. शेवटी पलीकडेच लागले.

काठावर तेंदूपानांचा फड होता, बिडीची पानं गोळा करायची जागा. पानांचे पुडे ओळीने वाळायला मांडलेले, आणि एक बाई व तिची सासू ते घाईघाईने गोळा करत होत्या. दोघी आपसात गोंडीत बोलत होत्या. मला चिखलातून फळी ओढत येताना पाहून सून थांबली.

"काऊन वं माय, एकलीच आली का पाण्यातून?"

"एकलीच."

"भेव नाई लागत तुले?" मग तिने शिडाला हात लावला. "हे कायचं कापड हाय? पाणी जाते का यातून?"

"नाही जात."

तिने आभाळाकडे पाहिलं, मग पुड्यांकडे. तिने मागितलं असतं तर कदाचित मी का-कू केली असती. मी डोलकाठी ओढून काढली, पट्ट्या सैल केल्या आणि शीड पुड्यांच्या ढिगावर पसरलं. कडांवर आम्ही तिघींनी दगड ठेवले, तरी वारा ते उचलायला लागला तेव्हा त्यावर चक्क बसलो.

गारा पडल्या. सासूने पदर माझ्या डोक्यावर ओढला. त्या आवाजात सून ओरडून विचारत होती की हे घेऊन पाण्यात करायचं काय असतं. मी ओरडून सांगत होते. तीन पट्ट्या, पाच पट्ट्या, लाटेवर कसं वळायचं. किती कळलं देव जाणे. मधेच तिने विचारलं, "कोनं शिकवलं?"

"होता एक जण."

"आता नाई का?"

"आहे. लांब आहे."

तिने मान डोलावली आणि दगड सारखा केला.

पाऊस थांबला तेव्हा खालचे पुडे कोरडे होते, पण शिडाची मधली पारदर्शक फिल्म वरपासून खालपर्यंत फाटली होती. उन्हाने ती आधीच ठिसूळ झाली होती. सून हळहळली. मी म्हटलं, ठेवून घ्या, पावसाळ्यात झोपडीवर टाकायला होईल. परतताना ती धरणाच्या भिंतीवरून निम्म्या रस्त्यापर्यंत माझ्यासोबत फळी धरून आली. "पुन्हा येजो," म्हणाली.

दोन दिवसांनी त्याला फोन केला. शीड गेल्याचं सांगितलं. मागे मुलांचा गलका होता. तो म्हणाला, "जुनंच होतं गं ते." मी धरणातल्या वाऱ्याचं सांगू लागले, तर म्हणाला, "इकडे वारा सुटलाय, निघतो. नंतर बोलू." त्याचा आवाज आनंदी होता. मला राग आला नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कांदे चिरत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात गेले तर फड तिथे नव्हता, दुसरीकडे लागला होता. चौकीदारालाही त्या बायकांचं गाव माहीत नव्हतं. वारा मध्यम होता, धक्के देणारा. मी काठावर उरलेली दोन्ही शिडं पसरून उभी राहिले. तो असता तर अशा वेळी आम्ही हटकून भांडलो असतो. मग मी चार पट्ट्यांचं लावलं आणि ऊन उतरेपर्यंत पाण्यात राहिले.