येशूच्या मयतीची हलगी

तुमच्या घरचं माणूस गेलं, तर त्याला मुकाट्यानं उचलून न्याल का हो? आमच्या लातूरकडच्या मुरुडच्या बाजूला बिनहलगीची मयत निघाली की लोक एकच विचारतात, "बेवारस हाय का?"

मग यंदा गुड फ्रायडेला येशूची मयत बिनहलगीची का निघाली, ते चर्चच्या कमिटीनं सांगावं.

लिंबाजीच्या बापानं बाप्तिस्मा घेतला, पण आपल्या बापाची हलगी टाकली नाही. गावात हुकमावर वाजवायची ती हलगी त्यानं क्रुसापुढं आपखुशीनं वाजवली. बापामागं लिंबाजी. वर्षभर सेंट्रिंगचं काम; पण त्या शुक्रवारी तिरडीवर येशूची मूर्ती आणि पुढं लिंबाजी. संथ ठेका पडला की मूर्ती लाकडाची राहायची नाही, घरचं माणूस व्हायची. बायका धाय मोकलून रडायच्या.

यंदा तो चर्चच्या अंगणात पाचट पेटवून हलगीचं कातडं तापवत होता. कमिटीचे राजशेखर सर आले. नात्यानं चुलतभाऊच.

"लिंबा, ठेव ती. यंदा स्पीकर हाय. मुंबईहून गाणी मागवलीत."

"स्पीकर रडतो का, सर?"

"हलगी वाजली की जात वाजती, बाबा. लातूरहून पाव्हणे यायलेत. काय म्हणतील?"

"म्हणतील, आज्ज्यावर गेलाय. तुझा नि माझा आज्जा एकच हाय, इसरलास व्हय?"

सरांनी हलगी हिसकावली, सामानाच्या खोलीत फेकली, कुलूप घातलं. लिंबाजी फादरकडं धावला. फादर नवे. म्हणाले, "कमिटीचा निर्णय आहे. शिवाय आज वाद्यं वाजवत नाहीत."

वा! मग स्पीकरमधला ऑर्गन काय तोंडानं वाजत होता?

तिरडी निघाली. लिंबाजीची म्हातारी आई, रुद्राणीबाई, मधेच थांबून ओरडली, "अरं, मरियेच्या लेकराला बेवारस नेता का रं?" स्पीकरखाली तिचा आवाज दबला. लिंबाजी फाटकाशी बसून राहिला. क्रुसाचं चुंबन घ्यायलाही उठला नाही.

परदेशी चित्रं टांगायला चर्चच्या भिंतीत खिळे ठोकता, तेव्हा ती कला. आपल्या खांद्याला हलगी अडकवली की ती जात? लाज कशाची वाटते, हलगीची की आज्ज्याची?

हलगी अजून कुलपात हाय. कातडं सादळून चाललंय. लिंबाजी एकटा किल्ली मागतो, तर त्याला येडा ठरवतात. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर घरी पळू नका. त्या खोलीपुढं लिंबाजीशेजारी उभे राहा, आणि सरांकडं किल्ली मागा.